आधी ऑर्डर गेली

बांगलादेशात कोरोनाचा पहिला रुग्ण ८ मार्च २०२० रोजी आढळला. रुग्णालये भरण्याआधीच, त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत, युरोप-अमेरिकेतल्या खरेदीदारांनी तयार कपड्यांच्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवून ठेवल्या. ढाक्याजवळचा गाझीपूर, सावार आणि आशुलियाचा कारखान्यांचा पट्टा याच ऑर्डरींवर जगतो, आणि इथल्या शिलाई मशीनवर प्रामुख्याने स्त्रिया बसतात.

या धंद्याची रीत आधी समजून घ्यायला हवी. कापड, दोरा, बटणे कारखानदार बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे पैसे चुकते करण्याच्या बँकेच्या हमीवर, आणतो, कपडे शिवून जहाजावर चढवतो, आणि खरेदीदाराचे पैसे बहुधा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी हाती येतात. त्यामुळे ऑर्डर रद्द होताच कापून ठेवलेले कापड, इतकेच काय, खोक्यांत भरलेला तयार मालही कारखान्याच्या गळ्यात पडला. एप्रिलमध्ये तयार कपड्यांची निर्यात आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे ८५ टक्क्यांनी घसरली.

सर्वांत खालच्या श्रेणीचे किमान वेतन तेव्हा महिना ८,००० टका होते. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि गावी पाठवायचे पैसे भागवायचे तर ओव्हरटाइमला पर्याय नसे, आणि तोच आधी बंद झाला. कामबंदीच्या काळातला भत्ता कायद्याने वर्षभर सलग नोकरी झालेल्यांनाच मिळतो. धागे कापणाऱ्या नव्या हेल्पर मुली त्यात बसत नव्हत्या. सरकारने निर्यात उद्योगांच्या पगारांसाठी ५,००० कोटी टक्यांचे कर्ज दिले, तरी कारखाने बंद असल्याने कामावर न आलेल्यांचा एप्रिलचा पगार ६५ टक्क्यांवर आला. तो थेट मोबाइल खात्यात जमा झाला, हे चांगलेच; पण घरातला फोन नवऱ्याच्या हाती असेल, तर पगार कुणाच्या हाती पडला, हे वेगळे सांगायला नको.

४ एप्रिलला, उद्या कारखाने उघडणार या समजुतीने, हजारो कामगार टाळेबंदीमुळे वाहने बंद असताना मयमनसिंहच्या रस्त्याने कारखान्यांकडे चालत निघाले. गैरहजर राहिलो तर नोकरी जाईल, ही धास्ती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होती. ते पोहोचल्यावर, रात्री उशिरा, कारखाने बंदच ठेवण्याचे आवाहन मालकांच्या संघटनेने केले. या निष्काळजीपणाला गैरसमज म्हणणे कठीण आहे.

कारखाने सुरू झाल्यावर दारात ताप तपासला जाई, हात धुवायला साबण असे. आत मात्र मशीनमागे मशीन आणि तासाचे टार्गेट. उकाड्यात मास्क लावून शिवायचे, आणि शौचालयात जाण्याने काम मागे पडू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. ही सवय महामारीच्या आधीची आहे आणि मूत्रमार्गाचे विकारही तितकेच जुने आहेत. घरी परतावे तर पत्र्याच्या खोल्यांची रांग. एक नळ, एक शौचालय आणि एकाच जागच्या चुली कित्येक कुटुंबांत सामाईक. तिथे विलगीकरण कुठे करणार? पैसे आटले तशी ताटातली मासळी गेली, मग डाळ पातळ झाली, आणि ही काटकसर बहुतेक घरांत बाईने स्वतःच्या ताटापासून सुरू केली. कायद्याने तेव्हा सोळा आठवड्यांची पगारी प्रसूती रजा असूनही गरोदर स्त्रियांना कामावरून काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

जगभरातून दबाव आल्यावर काही ब्रँडनी अडकवलेले पैसे देण्याचे मान्य केले. पुढच्या हंगामाच्या ऑर्डरीही आल्या, पण अनेक कारखान्यांकडे आधीपेक्षा कमी भावाची मागणी झाली, आणि कित्येक लाईनींवर पूर्वीचेच टार्गेट कमी माणसांत पुरे करावे लागले.