शेवट मोकळा सोडणारे यमक

नागपुरातल्या श्रोत्यांपुढे यमकाविषयी बोलताना एक सोय असते. सुरेश भटांच्या गझला ऐकत घडलेल्या कानाला काफिया आणि रदीफ समजावून सांगावे लागत नाहीत. शेराच्या शेवटी आधी यमक येणार आणि त्यामागोमाग तोच शब्द पुन्हा येणार, हे तो गृहीत धरूनच बसतो. आज मात्र मी अशी रचना निवडली आहे, जिच्यात यमक ओळीच्या शेवटी येतच नाही: तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें । पक्षी ही सुस्वरें आळविती’ हा अभंग.

हा मोठा अभंग. म्हणजे प्रत्येक कडव्यात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. लघु-गुरूचे बंधन नाही. अक्षरसंख्येतही थोडी सैल आहेच: ‘सोयरीं वनचरें’ सात अक्षरांचे आहे, ‘हरिकथा भोजन परवडी विस्तार’ येथे तर दोन्ही चरण सातांचे. पण ‘आकाश मंडप पृथुवी आसन’ पाहा. तेथे ‘पृथ्वी’ म्हटले असते, तर चरण पाच अक्षरांवरच संपला असता. जादा अक्षर चालवून घेतले आहे, उणे मात्र भरून काढले आहे.

यमक जुळते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत: वनचरें–सुस्वरें, आसन–मन, उपचारा–वारा. ‘आळविती’, ‘क्रीडा करी’, ‘अवसरु’ यांना जोडीदार नाही. नाद तिसऱ्या चरणावर पुरा होतो आणि चौथा आखूड चरण मोकळा राहतो, म्हणून कान पुढे काही येण्याची वाट पाहतो. येते ते ध्रुपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा म्हणायची ओळ.

गायक बहुधा पहिलीच ओळ घोळवतात. गाथेत मात्र ध्रुपदाची खूण दुसऱ्या कडव्यावर आहे: ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास। नाहीं गुणदोष अंगा येत’. हे ध्यानात घेतले की पुनरावृत्तीचे काम उलगडते. ‘येणें सुखें’ म्हणजे या सुखाने. आणि ‘या’ कोणत्या, हे दर वेळी आधीचे कडवे ठरवते. एकदा ते सुख पाखरांच्या सुस्वरांचे असते, एकदा आकाशाच्या मंडपाचे, एकदा हरिकथेच्या भोजनाचे. शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलत जातो. ‘वास’ आणि ‘दोष’ हे यमक कच्चे आहे, हे मान्य करायला हवे. परंतु जी ओळच परत परत येणार, तिला पक्क्या यमकाची गरज कमी, असे माझे मत आहे.

शेवटच्या कडव्यात मात्र वीण घट्ट होते. ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’. येथे ‘वाद’ हा ‘संवादा’च्या पोटातच आहे, आणि एरवी एकटा राहणारा चौथा चरण ‘आपणांसी’ म्हणत तिसऱ्यातल्या ‘आपुलाचि’ला साद देतो. बोलणारा आणि ऐकणारा एकच, हे त्या दोन चरणांच्या नादातही ऐकू येते.