झोपेतली तालीम

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात ते पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. एवढ्या पावसात आलात, लई बरं वाटलं. संयोजकांनी मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय ल्युसिड ड्रीमिंगचे उद्देश आणि फायदे. ल्युसिड ड्रीम म्हणजे काय, तर स्वप्न पडत असतानाच आपल्याला कळतं की अरे हे स्वप्न आहे, आणि तरी जाग येत नाही, स्वप्न पुढं चालूच राहतं. मी त्याला जागं स्वप्न म्हणतो. दिवास्वप्न वेगळं बरं का, तिथं माणूस जागा असतो आणि मन कुठंतरी फिरत असतं, इथं माणूस खरोखर झोपलेला असतो आणि आत काहीतरी जागं होतं.

मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, त्यामुळं माझं डोकं सरावाच्या भाषेतच चालतं. आणि मला आज जे सांगायचंय ते एका शब्दात मावतं, तो शब्द म्हणजे तालीम. पुण्या-मुंबईकडं तालीम म्हटलं की नाटकाची, आपल्या कोल्हापुराकडं तालीम म्हणजे कुस्तीच्या हौद्यातली लाल माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. मऊ का करायची? पोरगं शंभर वेळा पडणार, पडल्यावर मोडू नये म्हणून. नाटकाच्या तालमीतपण तेच, वाक्य विसरलं तरी तिकीट काढून बसलेलं कोणी समोर नसतं. स्वप्न ही मेंदूची अशी मऊ मातीची जागा आहे असं माझं म्हणणं आहे, आणि जागं स्वप्न म्हणजे त्या तालमीत वस्ताद येऊन उभा राहिला. एवढाच माझा मुद्दा. पण तो पटायला आधी एक गोष्ट सांगावी लागेल, ती जरा लांब आहे, सांगू ना? सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टातला महापूर इथं कोणाला आठवत नाही असं होणार नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आपल्या पोरांनापण पाठ असतात, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर शुक्रवार पेठेत. सकाळी पाणी गल्लीच्या तोंडाला होतं, दुपारी उंबऱ्याला, आणि मी आईला वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं, गॅसची टाकी वर, तांदळाचा डबा वर, देव वर. शेजाऱ्यांनी म्हशी आधीच सोडून उंचावर नेल्या होत्या, एक तेवढी मागं राहिली होती आणि ती रात्रभर ओरडत होती, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं बोट घेऊन आली, आईला खिडकीतून उचलून घेतली, आणि ती म्हैसपण त्यांनीच दोर लावून काढली. म्हणजे सगळे वाचले. घर धुतलं, भिंती वाळल्या, दिवाळीपर्यंत तर रंगपण झाला.

पण माझ्या झोपेतलं पाणी काही उतरलं नाही. तेच स्वप्न, आठवड्यातून दोनदा-तीनदा. मी जिन्यात आहे, आई वरून हाक मारतीय, मी एक पायरी चढलो की पाणी एक पायरी चढतं, आणि जिना संपत नाही. घामानं भिजून उठायचो. घरच्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, याचा अर्थ काय. एकजण म्हणाले पितरांचं काहीतरी राहिलंय, एकजण म्हणाले स्वप्नात पाणी म्हणजे धनलाभ. एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी वर न बघताच झोपेची गोळी लिहून दिली. ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती आज मी मांडणारच. स्वप्नात लग्न दिसलं की वाईट, मरण दिसलं की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, साप दिसला की अमुक, दात पडला की तमुक, आपण पिढ्यान्‌पिढ्या अर्थच लावत बसलोय. त्या स्वप्नात जो माणूस जिन्यात अडकलाय त्यानं तिथं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. पोरगं कुस्तीत रोज एकाच डावावर पडतंय तर वस्ताद काय त्याच्या पडण्याचा अर्थ सांगतो काय? तो डाव सोडवायला शिकवतो.

मला शिकवलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, ती मानसशास्त्र शिकलीय. फोनवर म्हणाली, सर, तुमचं स्वप्न जिन्यातच पडतं ना, मग दिवसा घरातला जिना चढताना दर वेळी थांबायचं, पायऱ्या मोजायच्या आणि मनापासून विचारायचं की हे स्वप्न आहे काय, आणि आजूबाजूला काय चुकीचं दिसतंय ते बघायचं. नुसतं तोंडानं नाही म्हणायचं, खरंच शंका घ्यायची. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. दीड महिना मी रोज मोजल्या. आणि एका पहाटे, तेच पाणी, तीच हाक, मी सवयीनं मोजायला लागलो, वर बघितलं तर वळणावर शेजाऱ्यांची म्हैस उभी! निवांत रवंथ करत, अंग कोरडं ठणठणीत. (हशा) हसा, पण माझं सगळं त्या म्हशीनं फिरवलं. मी म्हटलं ही एवढी अरुंद जिन्यात चढली कशी? आणि त्या क्षणी कळलं, हे स्वप्न आहे.

पुढं मी काय केलं तेवढं नीट ऐका. उडलो नाही, पाणी घालवलं नाही. मी पायरीवर बसलो. पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. आईची हाक आली, मी म्हटलं आलो गं, आणि पहिल्यांदा त्या स्वप्नात माझा आवाज मला ऐकू आला. पाणी होतं तिथंच थांबलं. मग जाग आली, छाती धडधडत नव्हती. त्यानंतर ते स्वप्न दोनदाच पडलं, मग बंद. सकाळी आईला सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग म्हस खाली उतरवलीस का न्हाई? उपाशी ऱ्हायली आसंल की."

आता कोणी म्हणेल हे सरांचं झालं, शास्त्र काय म्हणतंय. रास्त आहे. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठराविक काळ डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, त्याला रेम झोप म्हणतात, साधारण दर दीड तासानं ती येते आणि पहाटेकडं लांबत जाते, आपली ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाची. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात मारलेली लाथ शेजारच्याला बसली असती. श्वास चालू राहतो आणि डोळे हलतात. (छातीवर भूत बसलं, हलता येईना, असं म्हणतात ना, ते हेच, जाग आधी येते आणि स्नायू मागनं सुटतात, घाबरायचं नाही.) तर डोळे मोकळे असतात याचा फायदा इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी घेतला. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाशी त्यांचं ठरलं की स्वप्नात कळलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडं फिरवायचे, आणि १२ एप्रिल १९७५ ला झोपलेल्या वर्स्लीकडून तो इशारा यंत्रावर उमटला. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले, एकाला विचारलं आठातून सहा गेले किती, त्यानं स्वप्नातून डोळे दोनदा हलवून उत्तर दिलं. बहुतेक वेळा उत्तर आलं नाही, हेपण सांगायला हवं, पण आलं ते आलंच.

आणि हे सगळं परदेशातच सुरू झालं असंही नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत मन स्थिर करायचे मार्ग सांगताना स्वप्नातल्या आणि झोपेतल्या ज्ञानाचा आधार घ्या असं एक सूत्र आहे, तिबेटात स्वप्नयोग शेकडो वर्षं शिकवतात. आणि संत बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला तो कुठं? इथं, आपल्या कोल्हापुरात. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकून त्यांना ध्यास लागला होता आणि त्यांचं लाडकं वासरू नुकतंच गेलं होतं. ते जागं स्वप्न होतं असा माझा दावा नाही. पण स्वप्नात मिळालेलं त्या बाईंनी आयुष्यभर कामाला लावलं, हे मला फार मोलाचं वाटतं. यावर मी अजून बरंच बोललो असतो, पण चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं.

मग भराभर फायदे. पहिला, वाईट स्वप्नं. फिनलंडचे आंटी रेव्होनसुओ यांनी २००० साली मांडलं की स्वप्नं ही संकटाची रंगीत तालीम असावी, म्हणून त्यात पळणं, पडणं, पाठलाग जास्त. हा सिद्धांत आहे, सगळ्यांना मान्य नाही. पण तालीम अडकून तीच चूक गिरवायला लागली की त्रास सुरू होतो, तिथं वस्ताद लागतो. नेदरलँड्समध्ये २००६ साली २३ जणांवर छोटा प्रयोग झाला, जागं स्वप्न शिकवल्यावर वाईट स्वप्नं कमी झाली, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना जागं स्वप्न पडलंपण नव्हतं. मला वाटतं इथं काहीतरी करता येतं एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

दुसरा, पैलवानांनी कान द्या. जर्मनीत एर्लाखर आणि श्रेडल यांनी लोकांना जाग्या स्वप्नात बैठका मारायला लावल्या, शरीर पलंगावर निपचित, आणि तरी हृदयाचे ठोके वाढले! पुढं २०१० मध्ये त्यांनी पेल्यात नाणं टाकायचा सराव स्वप्नात करवला, ज्यांना तो जमला त्यांचा नेम सकाळी सुधारला होता. म्हणून मातीतला सराव सोडायचा नाही, पण दुखापतीनं पडून असलेल्या पोराला हे केवढं मोठं आहे बघा. तिसरा, गेलेल्या माणसाला भेटणं, भाषणाची भीती, गाण्यातली अडलेली जागा, यावर आकडे कमी आहेत, अनुभव खूप आहेत, मी तेवढ्यावरच थांबतो.

कसं करायचं? पाच मिनिटं म्हणतायत. उशाशी वही ठेवा, उठल्या उठल्या हलायच्या आधी स्वप्न आठवा आणि मग लिहा. दिवसा चार-सहा वेळा खरी शंका घ्या, एखादी पाटी वाचा, नजर फिरवून परत वाचा, स्वप्नात अक्षरं बदलतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा, स्वप्नात नाक बंद असूनही बहुतेक वेळा श्वास घेता येतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी पाचेक तास झोपून उठा, थोडा वेळ जागे राहा आणि परत आडवे होताना मनात घोळवा की आता स्वप्न पडलं तर मला कळणार आहे. रोज असं उठायचं नाही, झोप मोडली तर फायदा कुठला? ज्यांना भास होतात, किंवा खरं काय आणि मनातलं काय यात गोंधळ होतो, त्यांनी हे करू नये, आधी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. आणि स्वप्नात कळल्या कळल्या आनंदानं उड्या मारू नका, जाग येते. हात एकमेकांवर चोळा, जमीन बघा, थांबा.

झालं, वेळ संपली. पण दुसऱ्या रांगेतल्या काकींचा हात म्हशीपासून वर आहे. माईक द्या त्यांना. बोला काकी, तुम्हाला काय दिसतं?