आईसाठी एवढं करायला काय जातं?

नमस्कार श्रोतेहो. संक्रांत जवळ आली की आपल्या सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे वेध लागतात. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पेलायचा सराव सुरू होतो, पेटीतल्या बाराबंद्या, म्हणजे यात्रेचे पांढरे अंगरखे, बाहेर निघतात. आणि एखाद्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "मी यंदा येणार नाही. माझा विश्वास उरलेला नाही." वडील भडकतात. आई मात्र एवढंच म्हणते, "विश्वास नसू दे रे, माझ्यासाठी ये. नुसते हात जोड."

आईची ही विनवणी मला भेटली ती आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका कॅथलिक घरात, आयरिश लेखक जेम्स जॉईसच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' या कादंबरीत. कादंबरी 1916 साली पुस्तकरूपाने आली. नायक स्टीफन येशूसंघाच्या, म्हणजे जेज्विट धर्मगुरूंच्या शाळांत वाढलेला. हा संघ आपल्याला परका नाही बरं का. बरोबर 300 वर्षं आधी, 1616 मध्ये, याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. आपल्या मराठीत, ओवीबद्ध!

सोळा वर्षांचा स्टीफन वेश्यावस्तीत जाऊ लागलेला असतो. तशात शाळेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त प्रवचनं होतात. विषय नरक. तिथली आग जाळते, पण उजेड देत नाही. आणि अनंतकाळ म्हणजे किती? आभाळाएवढा वाळूचा डोंगर, दर दहा लाख वर्षांनी एक पाखरू येऊन त्यातला एक कण नेतं. सगळा डोंगर संपला तरी अनंतकाळातला एक क्षणही सरलेला नसतो. पोरगं हादरतं. अनोळखी चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली देतं.

पुढचा भाग मला फार खरा वाटतो. स्टीफन कडक व्रतस्थ होतो. रस्त्यानं खाली मान घालून चालतो. वाचता वाचता वाक्याच्या मध्येच पुस्तक मिटतो, डोळ्यांना शिस्त म्हणून. रात्री अंथरुणात जाणूनबुजून कूस बदलत नाही. आणि एवढं करूनही, आई शिंकली तरी त्याला राग येतो! इतके उपास, इतक्या प्रार्थना, आणि आईची एक शिंक सोसवत नाही. जॉईसनं हे अगदी सहज, एका वाक्यात सांगितलंय. धर्माच्या नावानं घरच्यांवर खेकसणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मला तर वाटतं, स्टीफनची श्रद्धा ढळायला सुरुवात होते ती इथेच.

पुढे त्याला धर्मगुरू होण्याबद्दल विचारलं जातं. तो त्या वाटेनं जात नाही. आणि शेवटच्या प्रकरणात आईची ती मागणी येते. ईस्टरला मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर मानलेला भाकरीचा ख्रिस्तप्रसाद घे, एवढंच तिचं म्हणणं. स्टीफन नाही म्हणतो. त्याचा मित्र क्रॅनली त्याला फिरायला नेतो आणि विचारतो, आईनं आयुष्यात किती सोसलं? मुलं किती झाली? तुझा विश्वासच नाही, तर तिच्या समाधानासाठी एक विधी करायला काय जातं?

क्रॅनलीचं म्हणणं कुणालाही पटेल. मलाही पटतं. पण तो आणखी खोदून विचारतो: त्या प्रसादात खरंच देवाचं शरीर असेल अशी भीती वाटते का तुला? स्टीफन कबूल करतो, हो, वाटते. श्रोतेहो, कादंबरीचा गाभा मला इथे सापडतो. ज्याला काहीच वाटत नाही, तो प्रसाद घेऊन मोकळा होईल, आईही खूश. स्टीफनला ते जमत नाही, कारण लहानपणापासून ज्याला पवित्र म्हटलं त्यापुढे खोटं वागणं त्याला पाप वाटतं. हे धर्मानंच शिकवलेलं त्याच्या अंगी इतकं मुरलंय, की धर्म सोडतानाही ते सुटत नाही. म्हणून त्याला नास्तिक म्हणून बाजूला सारणं किंवा बंडखोर म्हणून डोक्यावर घेणं, दोन्ही मला उथळ वाटतं.

पालकांना मला क्रॅनली दाखवायचाय. तो स्टीफनशी सहमत नाही, तरी त्याच्यावर ओरडत नाही. बरोबर चालतो, प्रश्न विचारतो, उत्तर पुरतं ऐकून घेतो. आपल्या घरात मुलानं 'विश्वास नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारतं कोण? आपण एकदम निकालच देऊन टाकतो. आणि स्टीफनची आई? मुलगा घर सोडून निघतो तेव्हा त्याचे कपडे तीच आवरून देते.

पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. नरकाच्या प्रवचनाची पानं लांबलचक आहेत, दमवतात. तिथे पुस्तक खाली ठेवू नका. वाटल्यास शेवटच्या प्रकरणातला क्रॅनलीचा संवाद आधी वाचा, आणि जमलं तर घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाबरोबर वाचा. क्रॅनलीचं बरोबर की स्टीफनचं, ते त्याला विचारा. नमस्कार.