चुना की आधण?

श्रोतेहो, नमस्कार.

लेकीकडे मेक्सिकोला गेले होते, तेव्हा एका रविवारी तिनं मला त्लाकोलूलाच्या बाजारात नेलं. ओआहाका शहरापासून हे गाव साधारण 30 किलोमीटर. आजूबाजूच्या खेड्यांतली झापोतेक, म्हणजे तिथली मूळ रहिवासी माणसं रविवारी माल घेऊन उतरतात आणि चर्चभोवतालचे रस्ते भरून जातात. वर पालं, खाली पाट्या. आपल्या केज-धारूरकडचा आठवडी बाजार डोळ्यांपुढं आणा, तसाच.

मिरच्यांच्या ढिगापुढं मी थांबलेच. लाल, काळपट, काही धुरावर वाळवलेल्या. मिरची मूळची त्याच मुलखातली. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ती आपल्याकडं आणली. त्याआधी आपल्या खापरपणज्या तिखटासाठी मिरे, सुंठ, पिंपळी वापरायच्या. शेंगदाणा, पेरू, एवढंच काय, बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळसुद्धा अमेरिका खंडातूनच आलेलं. ज्या ठेच्यावर मी वाढले, त्याचं माहेर बघताना मला भरून आलं.

पण जास्त वेळ गेला तो एका आजीच्या चुलीपाशी. ती मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ भाकऱ्या, भाजत होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, साल सुटली की धुऊन वाटायचा. युरोपात मका पोचला, पण ही रीत पोचली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गोरगरिबांना पेलाग्रा झाला, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. मक्यातलं नायसिन चुन्यामुळं अंगी लागतं, हे शास्त्राला कळायला विसावं शतक उजाडलं. या बायकांच्या हाताला ते केव्हाचं ठाऊक होतं.

तव्यावर टॉर्टिया टम्म फुगली आणि माझे हात शिवशिवले. लेकीनं तिला स्पॅनिशमधून सांगितलं, "माझी आई ज्वारीची भाकरी थापते."

आजीनं लगेच विचारलं, "चुना किती घालता?"

"घालत नाही."

"मग पीठ बांधून कसं येतं?"

मी म्हणाले, "आधणाच्या पाण्यानं. उकळतं पाणी पिठावर ओतायचं, मग काथवटीत मळायचं."

लेक हे सांगत होती, तेव्हा आजी माझ्या तळव्यांकडं बघत होती. मग तिनं गरम टॉर्टिया मीठ लावून माझ्या हातावर ठेवली, पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "पुढच्या रविवारी ते पीठ घेऊन ये."

माझं परतीचं विमान गुरुवारचं होतं.