मुंबई ते लंडन: ताणलेला दोरा

डोंबिवलीतलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केलाय. पडद्यावर इवलंसं पिवळं विमान. त्या विमानात लेक बसलीय, लंडनला चाललीय. कणीक मळता मळता आईचं लक्ष तिकडेच. दर दोन मिनिटांनी पडदा काळा होतो, की ती कोपरानेच तो पुन्हा उजळवते.

मुंबई ते लंडन किती लांब? सरळ मोजलं तर साधारण 7,200 किलोमीटर. पण हे सरळ अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कळत नाही. पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरावं आणि दुसरं लंडनपर्यंत ताणावं. दोरा सौराष्ट्रावरून कराचीजवळ जातो. पुढे बलुचिस्तान, इराण. निम्मी वाट सरते ती जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेजवळ, तिबिलिसीच्या थोडं दक्षिणेला. मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी.

या दोऱ्यावरची नावं पुन्हा एकदा वाचा. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. त्याच वर्षी जूनमध्ये इराणचं आकाशही काही दिवस मिटलं. जमिनीवर युद्ध पेटलं की वर वळसा पडतो. वळशाला जादा इंधन लागतं, आणि घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव तेवढा वेळ जास्त टांगणीला लागतो.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो. म्हणून जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात, येताना जवळपास तासभर कमी.

8 जून 1948. 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान 35 प्रवाशांना घेऊन मुंबईहून उडालं. भारताची ही पहिली लंडनसेवा. कैरोला थांबा, जिनिव्हाला थांबा, आणि 10 जूनला लंडन. त्याआधी बहुतेकांचा हाच प्रवास बोटीने, सुएझमार्गे, आठवड्यांच्या हिशेबात व्हायचा. निरोप द्यायला आलेली माणसं धक्क्यावरून घरी परतायची, ती पत्राची वाट बघायलाच.

डोंबिवलीत आता रात्रीचे साडेदहा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा, लख्ख उजेड. पिवळं विमान हीथ्रोवर थांबलंय. जेवणाची ताटं केव्हाच आवरून झाली, मोबाइल मात्र अजून ओट्यावरच आहे.

फोन वाजतो. "आई, पोचले गं. अजून रांगेत आहे."

"काही खाल्लंस का?"