रॉबर्ट डोनॅट: आवाज आणि दमा

[दृश्य: ऑस्कर समारंभाची जुनी छायाचित्रं]

29 फेब्रुवारी 1940. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा समारंभ सुरू आहे आणि 'गॉन विथ द विंड' एकामागून एक पुरस्कार उचलत आहे. त्याचा नायक क्लार्क गेबल. अभिनेत्यांच्या यादीत त्याच्याबरोबर लॉरेन्स ऑलिव्हिए आहे, जेम्स स्टुअर्ट आहे, मिकी रूनी आहे. आणि पुरस्कार जातो एका इंग्रज नटाला, ज्यानं हॉलिवूडमध्ये जाऊन आयुष्यात एकच चित्रपट केला. रॉबर्ट डोनॅट. समारंभाला तो हजरही नव्हता. त्याचा देश तेव्हा युद्धात होता.

आज हे नाव फारसं कुणाला आठवत नाही. त्याचे चित्रपट मोजायला गेलं तर विशीच्या आसपास थांबतात. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: त्याला दमा होता आणि त्या दम्यातूनच त्याचा तो हळवा, संथ अभिनय आला. ही गोष्ट ऐकायला सुंदर वाटते. पण त्याचे चित्रपट क्रमानं पाहिले की ती पटेनाशी होते.

[दृश्य: मँचेस्टर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे रस्ते]

जन्म 18 मार्च 1905, मँचेस्टरजवळच्या विदिंग्टनचा. लहानपणी बोलताना अडखळायचा. ते जावं म्हणून त्याला जेम्स बर्नार्ड या उच्चारशिक्षकाकडे पाठवलं. तिथे शब्द कुठे सोडायचा, कुठे धरायचा, वाक्य एका दमात कसं पेलायचं याची तालीम झाली. मँचेस्टरचा हेल मागे पडला आणि ज्या आवाजासाठी पुढे लोक तिकीट काढणार होते तो आवाज तयार झाला. सोळाव्या वर्षी 'ज्यूलियस सीझर'मध्ये छोटीशी भूमिका. मग सर फ्रँक बेन्सन यांच्या फिरत्या मंडळीत शेक्सपिअर. गावोगावचे मुक्काम, रोज नवं थिएटर, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. या सगळ्यात दम्याचं श्रेय काडीचंही नाही.

चित्रपटवाल्यांनी मात्र त्याला बराच काळ घेतलं नाही. इतक्या चाचण्या दिल्या की लोक त्याला 'स्क्रीन-टेस्ट डोनॅट' म्हणत. शेवटी निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं संधी दिली. 1933 च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये तो राणीच्या प्रेमात पडून डोकं गमावणारा दरबारी टॉमस कल्पेपर झाला. (याच चित्रपटात ॲन बोलिनची भूमिका करणारी मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली. हे तिनं जन्मभर लपवलं आणि आपण टास्मानियाच्या आहोत असं सांगत राहिली. तिची कहाणी स्वतंत्र सांगावी अशी आहे.) पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' झाला आणि गाजला. त्यानंतर तिकडून 'कॅप्टन ब्लड'चं बोलावणं होतं. डोनॅट गेला नाही. ती भूमिका एरल फ्लिन नावाच्या, तेव्हा कुणाला फारशा माहीत नसलेल्या तरुणाला मिळाली आणि तो रातोरात तारा झाला.

[दृश्य: 'द 39 स्टेप्स', सभागृहातला प्रसंग]

डोनॅट इंग्लंडला परतला आणि 1935 मध्ये हिचकॉकचा 'द 39 स्टेप्स' केला. खुनाचा खोटा आळ आलेला रिचर्ड हॅने पोलिसांना चुकवत स्कॉटलंडमध्ये पळतोय. एका हातात अजून बेडी लटकते आहे. लपायला म्हणून तो एका सभागृहात शिरतो आणि लोक त्यालाच आजचे वक्ते समजून मंचावर उभं करतात. उमेदवाराचं नावही याला ठाऊक नाही. डोनॅट आधी चाचपडतो, विनोद करतो, वेळ काढतो. मग कुठेतरी मध्येच तो खरं बोलायला लागतो: एकटं पडणं काय असतं, सगळं जग आपल्याविरुद्ध उभं राहणं काय असतं. आवाज फारसा चढत नाही. वेग वाढतो, वाक्यं लांबतात आणि सभागृह उठून टाळ्या वाजवतं. थट्टेतून कळकळीकडे तो नेमका कधी वळला, ते अनेकदा पाहूनही बोट ठेवून सांगता येत नाही. हा सगळा त्या तालमीचा आणि त्या फिरतीचा हिशेब आहे.

[दृश्य: डेनम स्टुडिओ]

आता दम्याचं. 1936-37 मध्ये मार्लीन डीट्रिखबरोबर 'नाइट विदाउट आर्मर'चं चित्रण सुरू असताना तो इतका आजारी पडला की नायक बदलायची चर्चा झाली. डीट्रिख अडून बसली, थांबू पण याच्याबरोबरच काम करीन म्हणाली, म्हणून भूमिका राहिली. दर वेळी असं कुणी अडून बसलं नाही. आणि औषधं तरी काय होती? आज दम्याचा रुग्ण खिशात घेऊन फिरतो तो पंप बाजारात आला 1956 मध्ये. शिवाय त्या काळात बरेच डॉक्टर दमा हा मनाचा आजार मानत. म्हणजे छाती भरून आली की त्याचा दोषही रुग्णाच्याच माथी.

अशा माणसानं 1938 मध्ये 'द सिटाडेल' केला. वेल्समधल्या खाणगावात आलेला तरुण डॉक्टर, खाणीतल्या धुळीनं कामगारांची फुप्फुसं कशी खराब होतात याचा माग काढणारा. त्यात बाळंतपणाचा एक प्रसंग आहे. मूल निपचित जन्मलंय, सगळ्यांनी आशा सोडली आहे, आणि डॉक्टर त्याचा श्वास सुरू व्हावा म्हणून झटतोय. डोनॅटचे हात घाईत आहेत, चेहरा मात्र कामाला लागलेल्या माणसाचा आहे. मूल रडतं तेव्हा तो प्रेक्षकांकडून कौतुक मागत नाही. पहिलं ऑस्कर नामांकन याच भूमिकेला मिळालं.

[दृश्य: 'गुडबाय, मिस्टर चिप्स', वर्गातले प्रसंग]

आणि मग चिप्स, ज्यानं त्याला ते ऑस्कर मिळवून दिलं. लॅटिन शिकवणारा बुजरा मास्तर, विशीतल्या तरुणापासून त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. डोनॅट तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचा. पांढऱ्या मिशा आणि सुरकुत्या रंगभूषाकार देतो. पण वय बसतं ते चालीत, आणि शब्द आठवायला लागणाऱ्या त्या अर्ध्या क्षणात. पहिल्या महायुद्धात बाहेर बाँब पडताहेत आणि चिप्स मुलांकडून सीझरचा जर्मनांवरचा उतारा शांतपणे वाचून घेतोय. रणात पडलेल्यांची नावं सांगताना तो आपल्या जुन्या जर्मन सहकाऱ्याचंही नाव घेतो, शत्रूच्या बाजूनं लढताना मेलेल्याचं. हे प्रेक्षकांनी पाहिलं 1939 च्या उन्हाळ्यात, दुसरं युद्ध काही महिन्यांवर असताना.

युद्धकाळातले चित्रपट मोजकेच आणि त्यांत रेंगाळण्यासारखं कमी. 1948 च्या 'द विन्स्लो बॉय'मध्ये मात्र तो वकील सर रॉबर्ट मॉर्टन आहे. पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ असलेल्या शाळकरी मुलाला तो त्याच्याच घरी उलटतपासणीत असा भरडतो की घरचे संतापतात. मग कागद आवरता आवरता, जाता जाता म्हणावं तसं तो सांगतो की मुलगा निर्दोष आहे, खटला मी घेतो. कोरडं, थंड वाक्य. हळवेपणाचा लवलेश नाही. डोनॅट म्हणजे हळवा नट, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

दम्यानं काय केलं, ते 'हॉब्सन्स चॉइस' सांगतो. दिग्दर्शक डेव्हिड लीन, कथा मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डची, आणि साधासुधा चर्मकार विल मॉसॉप करायला डोनॅट ठरलेला. जो हेल त्यानं लहानपणी पुसून टाकला होता तो आता कामी येणार होता. तब्येतीनं दगा दिला, भूमिका जॉन मिल्सकडे गेली. मिल्सनं ती उत्तम केली आणि चित्रपट 1954 मध्ये आला. तरीही डोनॅटचा मॉसॉप आपल्याला कधीच दिसणार नाही याची हळहळ वाटते. 1953 मध्ये ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर त्यानं आर्चबिशप बेकेट उभा केला तेव्हा विंगेत प्राणवायूची नळकांडी तयार ठेवावी लागत. आजारानं त्याला कला शिकवली म्हणणाऱ्यांना मला हे दाखवावंसं वाटतं. आजारानं फक्त वर्षं खाल्ली, भूमिका खाल्ल्या.

[दृश्य: 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस', वेल्सचे डोंगर]

शेवटचा चित्रपट इन्ग्रिड बर्गमनबरोबर. वेल्सच्या डोंगरांत चीन उभा केला होता आणि डोनॅट तिथला वृद्ध मँडरिन, म्हणजे चिनी सरकारी अधिकारी. काम पूर्ण केलं. 9 जून 1958 रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

सुरुवात करायची असेल तर 'द 39 स्टेप्स'पासून करा, मग 'विन्स्लो बॉय', आणि चिप्स तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्यानं वाचलेल्या कवितांची ध्वनिमुद्रणंही आहेत. ती मिळाली तर नक्की ऐका.