ओळंबा आणि डोंगराचं मूळ

श्रोतेहो, नमस्कार. भिंत सरळ चढतेय की नाही हे पाहायला गवंडी ओळंबा सोडतो. दोरीला टांगलेलं वजन, एवढंच ते साधन. डोंगर जमिनीखाली किती खोल गेलेला असतो याचा पहिला सुगावा माणसाला याच ओळंब्याने दिला.

जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानची मोठी मोजणी चालू होती तेव्हाची ही गोष्ट. मध्य भारतात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि तिथून सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, मुझफ्फरनगरजवळचं कलियाना. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला. पहिली रीत जमिनीवरची: एक आधाररेषा अगदी काटेकोर मोजायची, तिच्यावर त्रिकोण उभा करायचा आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे जायचं. दुसरी रीत आकाशातली: ठरावीक तारा माथ्यावरच्या सरळ रेषेपासून किती अंशांवर आहे ते मोजायचं. आता माथ्यावरची सरळ रेषा कोण ठरवणार? ओळंबा!

त्रिकोणांनी सांगितलं, ५ अंश २३ मिनिटं ४२.२९ सेकंद. ताऱ्यांनी सांगितलं, ५ अंश २३ मिनिटं ३७.०६ सेकंद. फरक सव्वापाच सेकंदांचा. कोनातले सेकंद बरं का, घड्याळातले नव्हेत. जमिनीवर ते सुमारे १६० मीटर भरतात. एव्हरेस्ट यांना ही मोजणीतली चूक वाटली आणि त्यांनी ती त्रिकोणांच्या साखळीत वाटून टाकली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या त्रिकोणांची किचकट आकडेमोड ज्यांनी केली त्यांत राधानाथ सिकदार होते, १८३१ साली गणक म्हणून रुजू झालेले. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्ट यांचं, आणि सिकदार उरले सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरते. ही मोजणी शाळेत शिकवताना गणकांना त्यांच्या हक्काची जागा मिळायला हवी.

असो. कलकत्त्यात जॉन प्रॅट नावाचे धर्माधिकारी होते, गणितात पक्के. त्यांना वाटलं, चूक माणसांची नसेल. हिमालय एवढा प्रचंड, तो आपल्या गुरुत्वाने ओळंबा स्वतःकडे ओढत असेल. कलियाना डोंगराला जवळ, म्हणून तिथे ओढ जास्त. कल्याणपूर लांब, म्हणून कमी. मग त्यांनी हिमालयाचे आणि तिबेटचे कागदावर तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान अंदाजलं आणि ओढ काढली. उत्तर यायला हवं होतं सव्वापाच सेकंद. आलं १५.८८५! म्हणजे हिमालय ओळंबा ओढत होता खरा, पण हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश. पुन्हा सांगतो, एक तृतीयांश. एवढा डोंगर डोळ्यांसमोर उभा असून वजनाला कमी भरत होता.

त्याच वर्षी, १८५५ मध्ये, इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी याचं उत्तर दिलं. पाण्यावर ओंडक्यांचा तराफा असतो ना, त्यात जो ओंडका इतरांपेक्षा वर दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो. डोंगराचंही तसंच. त्याच्याखाली हलक्या खडकाचं मूळ असतं आणि त्या मुळाने खालचा जड खडक बाजूला सारलेला असतो. वरच्या डोंगराची ओढ खालच्या या उणिवेने बरीचशी फिटते. या समतोलाला भूविज्ञानात समस्थायित्व म्हणतात.

हे बादलीत करून बघता येतं. शिसवासारख्या जड लाकडाचे २, ४ आणि ६ सेंटिमीटर जाडीचे ठोकळे घ्या. रुंदी निदान १० सेंटिमीटर ठेवा, अरुंद ठोकळा आडवा पडतो. मेण लावा, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि मापं बदलतात. लाकडाची घनता पाण्याच्या ०.८ पट धरली, तर ६ सेंटिमीटरचा ठोकळा १.२ वर आणि ४.८ खाली राहील. आता त्यावरून रंध्याने १ सेंटिमीटर काढा. माथा किती उतरला? फक्त २ मिलिमीटर! बाकीचे ८ मिलिमीटर ठोकळा खालून वर आला. तीनही ठोकळे एकाच लाकडाचे हवेत. जाडी सारखी ठेवून लाकडं वेगवेगळी घेतलीत, तर मात्र वेगळी कल्पना दिसेल: प्रॅट यांनी १८५९ मध्ये मांडलेली, उंचीचा फरक घनतेतून येतो ही. खंड आणि समुद्रतळ यांच्या बाबतीत तीही बरीच लागू पडते.

मात्र प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा थर, पाण्यासारखं द्रव नाही. तो घन खडकच आहे, हजारो वर्षांच्या दाबाखाली सरकणारा. त्याची घनता साधारण ३.३, खंडाच्या कवचाची २.८. २.८ ला या दोन घनतांतल्या ०.५ या फरकाने भागलं, की उंचीच्या साधारण साडेपाच पट मूळ निघतं. तिबेट ५ किलोमीटर उंच, म्हणजे मूळ सुमारे २८. त्यात नेहमीच्या कवचाचे ३५ आणि वरचे ५ मिळवले की जवळपास ७० होतात. भूकंपाच्या लाटाही तिथे कवचाची जाडी तेवढीच दाखवतात.

मूळ जाड झालं कसं? सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. कवच घड्या पडून आखडलं, मग तुटलं, आणि त्याचे पत्रे कौलांसारखे एकावर एक चढले. हे रेटणं अजून चालू आहे, वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर हिमालयातच जिरतात. म्हणून तर एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रातला चुनखडक आहे.

आणि रंध्याचं काम नद्या करतात. डोंगरावरून १ किलोमीटर खडक वाहून गेला, तरी माथा दीडशे मीटरच उतरतो, बाकीची भर खालून पडते. २०-३० किलोमीटर खोल भाजून निघालेला नाइस खडक असाच हिमालयात उघड्यावर आला आहे. त्याचा तुकडा हातात घेतला, तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत गार्नेट या खनिजाचे लाल दाणे डाळिंबासारखे दिसतात.